प्याले कोण धुतं?

पत्र: “१३ वर्षं मी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सेवा करते. रविवारी उपासनेच्या दीड तास आधी येऊन दार उघडायचं, खुर्च्या मांडायच्या, गीतांची पुस्तकं ठेवायची, माइक तपासायचा. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असेल तेव्हा त्याची मांडणी, आणि सगळे गेल्यावर प्याले धुऊन-पुसून ठेवणं. आठवड्यातून एकदा अंथरुणाला खिळलेल्या दोघांच्या घरी जाऊन येते. परवा वर्धापनदिनाच्या अहवालात ३१ जणांची नावं वाचली गेली, त्यात माझं नव्हतं. नावासाठी मी कधी काही केलं नाही, तरी त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. त्याआधी एकदा तापामुळे माझा रविवार चुकला, तेव्हा फोन आला, पण ‘प्याले कुठल्या कपाटात आहेत?’ हे विचारायला. तब्येतीची चौकशी कुणी केली नाही. वाईट वाटणं हे पाप आहे का? पाळकांशी (मंडळीच्या धर्मगुरूंशी) बोलले, तर गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याकडून मिळणारं प्रतिफळ गेलं का? आणि आता सेवा सोडावी का? कृपा करून माझं नाव छापू नका.”

भगिनी, प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमच्या पत्रात एकच दुखणं आहे असं तुम्हाला वाटतं, आम्हाला तीन दिसतात. अहवालात नाव नाही, हे मानाचं दुखणं. तापात कुणी विचारलं नाही, हे मायेचं. तिसरं तुम्ही दुखणं म्हणून लिहिलेलंच नाही, बोलता बोलता सांगून गेलात: १३ वर्षांनंतरही प्याले कुठल्या कपाटात असतात हे मंडळीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. आमच्या मते तिन्हींत गंभीर हेच. तिन्ही एका गाठोड्यात बांधून पाळकांपुढे ठेवलीत, तर त्यांना एवढंच ऐकू येईल की नाव राहिलं म्हणून बाई रुसल्या. म्हणून आधी गाठोडं सोडू.

नाव का राहिलं असेल, ते पाहा. अहवाल लिहायला बसलेला माणूस समित्यांच्या याद्या पुढ्यात घेतो. गायकवृंद, संडे स्कूल, तरुण संघ, महिला मंडळ, खजिनदार. ज्या कामाला ना समिती, ना पद, ना पैशाचा हिशेब, ते कुठल्याच यादीत सापडत नाही. त्यात तुमचं काम माणसं येण्याआधी सुरू होतं आणि माणसं गेल्यावर संपतं. शिवाय ही कामं नीट झाली की दिसत नाहीत, चुकली तरच दिसतात. माइक वाजत असताना माइकचा विचार कुणाच्या मनात येत नाही. यामुळे कुणाची चूक झाकली जात नाही. पण मुद्दाम वगळणं वेगळं आणि यादीत न सापडणं वेगळं, आणि तुमच्या पत्रातल्या मजकुरावरून तरी हे दुसऱ्या प्रकारचं वाटतं.

आता पहिला प्रश्न. वाईट वाटणं पाप नाही. लूकच्या शुभवर्तमानात, १७ व्या अध्यायात, प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, एकच परत आला, तेव्हा प्रभूने विचारलं, “ते नऊ जण कुठे आहेत?” कृतघ्नपणा त्याला जाणवला आणि त्याने तो बोलूनही दाखवला. गंमत अशी, की याच अध्यायात याच्या अगदी आधी तो दासाचा दृष्टांत आहे, ज्यात सगळं करून झाल्यावरही ‘आम्ही निरुपयोगी दास आहोत’ असं म्हणायला सांगितलं आहे. सेवकांना गप्प बसवायला हा दृष्टांत हमखास काढला जातो, पण त्याला लागून असलेले ते नऊ जण मात्र कुणी वाचून दाखवत नाही. आणि लूक १२:३७ तर क्वचितच: तिथे धनी स्वतः कंबर बांधून दासांना जेवायला बसवतो आणि त्यांना वाढतो. दास म्हणून आपण काय म्हणायचं हे एका ठिकाणी आहे, धनी काय करणार आहे हे दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही एकाच शुभवर्तमानात आहेत. प्रेषित पौलानेही २ तीमथ्य ४:१६ मध्ये स्वच्छ लिहून ठेवलं की पहिल्या सुनावणीच्या वेळी माझ्या बाजूला कुणी उभं राहिलं नाही. लिहिलं, आणि लगेच ‘हे त्यांच्या हिशेबी धरलं जाऊ नये’ असंही लिहिलं. दुखलं हे नाकारलं नाही, आणि वसुलीही केली नाही.

दुखणं पापाकडे वळतं ते वसुलीपाशी. लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या दृष्टांतात, घरीच राहिलेल्या थोरल्या मुलाचं बोलणं आठवा: इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय आणि तुम्ही मला साधं करडूही दिलं नाहीत. तो शेतात राबला होता हे खोटं नव्हतं. पण त्याच्या तोंडी ‘चाकरी’ हा शब्द आला आणि धाकट्या भावाचा ‘हा तुमचा मुलगा’ झाला, तिथे काहीतरी आंबलं होतं. तरीही बाप त्याच्यासाठीही घराबाहेर आला, हे विसरू नका. धाकट्यासाठी धावला, थोरल्यासाठी बाहेर येऊन समजूत घालत उभा राहिला.

आपलं कुठवर आलं आहे हे ओळखायला एक साधी तपासणी आहे. ती ३१ नावं समोर घ्या. त्यांतल्या पाच जणांसाठी, त्यांनी नेमकं काय केलं ते उच्चारून, देवाचे आभार मानता येतात का पाहा. आले तर नुसती जखम आहे, भरून येईल. एकाही नावाशी जीभ वळली नाही, किंवा परवा माइक बंद पडला तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं, तर पाळकांशी बोलायच्या आधी देवापुढे बसायला हवं. त्यासाठी स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोन वचनांत चार वेळा ‘कुठवर’ येतं. रात्री झोपण्याआधी मोठ्याने वाचा, दुसऱ्या वचनानंतर थांबा, आणि आपलं म्हणणं जसं पत्रात लिहिलंत तसं, प्याल्यांच्या कपाटासकट, प्रभूला सांगा. मग पुढची वचनं. सात रात्री. पहिल्याच रात्री शेवटच्या स्तुतीच्या ओळीवर उडी मारू नका. दावीदही तिथवर ‘कुठवर’मधूनच गेला.

येशूला आपल्या घरी उतरवून घेणाऱ्या मार्थेनेही हेच केलं होतं. तिची तक्रार लूक १०:४० मध्ये आहे: बहिणीने मला एकटीला कामात टाकलंय, याची तुम्हाला पर्वा नाही का? तिने हे शेजारणीकडे कुजबुजून सांगितलं नाही, भांडी आपटली नाहीत, थेट प्रभूला विचारलं. प्रभूने तिची काळजी आणि दगदग नावानिशी दाखवली, पण ‘काम सोड’ असं म्हटलं नाही. योहान १२:२ पाहा. पुन्हा भोजन आहे, आणि ‘मार्था वाढत होती’ एवढंच वाक्य आहे. यावेळी तक्रार नाही. काम तेच, हात तेच.

दुसरा प्रश्न प्रतिफळाचा, आणि त्याने तुम्हाला विनाकारण बांधून ठेवलं आहे. मत्तय ६ मध्ये प्रभूचा सगळा रोख हेतूवर आहे: लोकांनी पाहावं म्हणून करू नका. लोकांनी पाहिलं तर प्रतिफळ बुडालं असं तो म्हणत नाही. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, एकच अध्याय आधी, मत्तय ५:१६ मध्ये तो सांगतो की तुमचा उजेड लोकांपुढे पडू द्या, म्हणजे ते तुमची सत्कर्मं पाहून तुमच्या स्वर्गातील पित्याचं गौरव करतील. दिसणं वेगळं, दिसण्यासाठी करणं वेगळं. दान देताना कर्णे वाजवणाऱ्यांना ‘प्रतिफळ मिळून चुकलं आहे’ असं म्हटलं आहे, तिथला मूळ ग्रीक शब्द त्या काळच्या पावत्यांवर ‘रक्कम पूर्ण पावली’ या अर्थाने येत असे. ज्याला टाळ्या हव्या होत्या त्याला टाळ्या मिळाल्या, पावती फाडली, व्यवहार संपला. तुमच्याकडे तर कुणी पावती फाडलेलीच नाही. १३ वर्षांनी ‘ओझं जड झालंय, दोन माणसं द्या’ असं सांगणं म्हणजे कर्णा वाजवणं नव्हे.

मंदिराच्या भांडारापाशी दोन टोल्या (अगदी लहान नाणी) टाकणाऱ्या विधवेची गोष्ट (मार्क १२:४१-४४) तुम्ही शेकडो वेळा ऐकली असेल. तिच्यातली एक बाजू सहसा निसटते. प्रभूने तिचं कौतुक केलं ते शिष्यांना जवळ बोलावून. तिला काही सांगितलं असं मार्क लिहीत नाही. ती आली, टाकलं आणि गेली. आपल्याला कुणी पाहिलं हे तिला त्या दिवशी कळल्याची कसलीच खूण त्या वृत्तांतात नाही, आणि आज जगभर तिची गोष्ट वाचली जाते. पाहिलं जाणं आणि पाहिलं गेल्याचं आपल्याला कळणं, या दोन गोष्टी एकाच दिवशी घडतीलच असं नाही. १ करिंथ ४:५ मध्ये पौल तो दिवस प्रभूच्या येण्यावर ठेवतो: त्या वेळी प्रत्येकाला देवाकडून वाहवा मिळेल. इब्री ६:१० तर याहून पुढे जातं. पवित्र जनांची केलेली आणि अजून चालू असलेली सेवा विसरायला देव अन्यायी नाही, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे तुमची आठवण ठेवणं ही त्याच्या दयेचीच नव्हे, त्याच्या न्यायाचीही बाब झाली.

एवढं खरं. आणि इथेच सावध व्हायला हवं, कारण ‘देव पाहतो’ हे वाक्य मंडळ्यांमध्ये पांघरुणासारखंही वापरलं जातं. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होऊ लागली, कुरकुर झाली. बारा जणांनी ‘देव तुम्हाला पाहतो, धीर धरा’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं नाही. मंडळी जमवली, सात माणसं निवडायला लावली, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि काम त्यांच्या हवाली केलं. आबाळ ऐकल्यावर प्रेषितांनी मनुष्यबळ वाढवलं.

जुन्या करारातही हाच न्याय आहे. गणना ४ मध्ये देवाच्या सेवेला नेमलेल्या लेव्यांपैकी मरारीच्या वंशाकडे निवासमंडपाच्या (उपासनेच्या फिरत्या तंबूच्या) फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, मेखा आणि तणावे आले. कराराचा पवित्र कोश कहाथी या दुसऱ्या लेवी घराण्याच्या खांद्यावर, मरारींच्या वाट्याला मेखा. तरी आज्ञा अशी, की त्यांनी वाहायची एकेक वस्तू नाव घेऊन नेमून द्या. मेखांचीही यादी! आणि गणना ७ मध्ये गाड्या वाटल्या तेव्हा गेर्षोनी या तिसऱ्या घराण्याला दोन गाड्या, चार बैल. मरारींना चार गाड्या, आठ बैल. ओझं जड म्हणून साधनं दुप्पट. पुढे गणना ८:२५ प्रमाणे ५० व्या वर्षी लेव्याला अंगमेहनतीच्या सेवेतून मोकळीक मिळे, त्यानंतर त्याने भावांना हातभार लावायचा. देवाच्या सेवेत यादी, साधनं आणि मुदत या तिन्ही गोष्टी देवानेच घालून दिल्या होत्या. यांतली एकही मागणं म्हणजे जगिकपणा नव्हे.

तर आता यादी. पाळकांकडे जाण्याआधी चार रविवार आणि मधले दिवस मिळून जे जे करता ते एका कागदावर उतरवा. काम, किती मिनिटं, वस्तू कुठे असते, न केल्यास काय बिघडतं. समजा दार, दिवे, पंखे ५ मिनिटं, खुर्च्या आणि पुस्तकं ३५, माइक १५, प्रभुभोजनाची मांडणी २०, प्याले धुणं-पुसणं ४०. झाली ११५ मिनिटं, आणि दोन भेटी प्रत्येकी ४५ मिनिटं धरल्या तर जाण्यायेण्याचा वेळ सोडून आणखी ९०. तुमचे आकडे वेगळे निघतील. अंदाजाने लिहू नका, घड्याळ पाहून लिहा, कारण सवयीच्या कामाचा वेळ आपण स्वतःच कमी धरतो. ‘काय बिघडतं’ हा रकाना मन लावून भरा. प्याले त्याच दिवशी धुतले नाहीत तर तळाशी रस सुकून डाग धरतो. ओलेच झाकून ठेवले तर पुढच्या वेळी वास येतो. साबण नीट निघाला नाही तर पहिल्या घोटालाच कळतं. प्याले मांडताना गेल्या वेळच्या उपस्थितीपेक्षा दहा जास्त. माइकच्या सेलची एक जोडी नेहमी शिल्लक. हे सगळं आज फक्त तुमच्या डोक्यात आहे, आणि म्हणूनच तापात तो फोन आला.

कागद एकच पान ठेवा. दोन प्रती काढा.

पाळकांशी बोलायची वेळ उपासनेनंतर दारात नको. तिथे दहा माणसं त्यांच्याशी बोलायला उभी असतात. शनिवारी संध्याकाळीही नको, त्यांचं डोकं प्रवचनात असतं. आठवड्याच्या मधल्या दिवसाची २० मिनिटं आधी मागून घ्या, आणि कशासाठी ते तेव्हाच सांगा, म्हणजे भेटीत धक्का बसणार नाही. सुरुवात अशी करता येईल: “मला या सेवेत आनंद आहे. पण आता एकटीने निभत नाही. हा कागद पाहा. मला दोन माणसं हवी आहेत आणि महिन्यातला एक रविवार मोकळा हवा आहे.” मग गप्प बसा आणि त्यांना कागद वाचू द्या. ही शांतता सहन होत नाही म्हणून बरेच जण मध्येच ‘तशी काही घाई नाही’ म्हणून टाकतात आणि सगळं पाण्यात जातं.

अहवालाचा विषय आधी काढू नका. त्यांनीच काढला तर लपवू नका: “हो, वाईट वाटलं.” एवढंच. ते ओशाळून “लक्षातच आलं नाही” म्हणाले, तर ‘असू दे, त्यात काय’ हे आपोआप तोंडी येणारं वाक्य गिळा. त्याने त्यांची कबुली पुसली जाते, आणि तुमचं दुखणं तसंच आत राहतं. “सांगितलंत, बरं वाटलं” म्हणा. ते “बघू, करू काहीतरी” म्हणाले तर विचारा, कोण आणि कधीपासून. आणि “देवासाठीच करता ना, मग तक्रार कसली?” असं उत्तर आलं, तर शांतपणे म्हणा, “देवासाठी आहे, म्हणूनच ते माझ्यावाचूनही चालावं.” दीड महिन्यात काही हललं नाही तर एकदा आठवण करा. तरीही नाही, तर तोच कागद वडीलजनांच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांच्या) सभेत ठेवा. कुणाच्या पाठीमागे नव्हे, पाळकांना सांगून. प्रार्थनासभेत मात्र हा विषय ‘प्रार्थनेचं ओझं’ म्हणून मांडू नका. तो टोमणाच ठरतो, आणि डोळे मिटलेले असले तरी सगळ्यांना कळतं कुणाला मारला ते.

तापाचं तेवढं वेगळं बोला. याकोब ५:१४ मध्ये आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं आहे. पहिलं पाऊल आजाऱ्याचं ठेवलंय. इतरांच्या अंथरुणाशी बसणाऱ्या माणसाला स्वतः आजारी पडून ‘या’ म्हणायचं जमत नाही, आणि लोकही तिला न थकणारी समजून बसतात. पुढच्या वेळी फोन करा. म्हणा, ताप आहे, येऊन प्रार्थना करा. बोलावूनही कुणी आलं नाही, तर तो मंडळीचा दोष, आणि तोही मग कागदावर आणायला हरकत नाही.

मदतनीस मिळवायच्या कामात नेहमीची चूक म्हणजे व्यासपीठावरून आवाहन. सगळे माना हलवतात आणि प्रत्येकाला वाटतं शेजारचा जाईल. पाळकांकडून दोन नावं ठरवून घ्या, आणि त्या माणसांना समोरासमोर, एकच काम आणि मुदत सांगून विचारा: “फक्त प्याले, महिन्यातून एकदा, सहा महिने.” मुदत सांगितली की होकार सोपा जातो. ‘जन्मभराचं गळ्यात पडेल’ ही भीतीच लोकांना मागे ओढते. तुमच्याकडे पाहून ती भीती खोटी आहे असंही त्यांना वाटत नसणार! शिकवायला चार वेळा धरा. पहिल्यांदा ते बघतील, दुसऱ्यांदा दोघं मिळून कराल, तिसऱ्यांदा ते करतील आणि तुम्ही बघाल, चौथ्यांदा तुम्ही तिथे असणार नाही.

घोडं अडतं ते चौथ्या वेळेला. नवी मुलगी प्याले तुमच्यासारखे लखलखीत पुसणार नाही, खुर्च्यांची ओळ वाकडी लागेल, आणि तुमचे हात शिवशिवतील. तिच्या मागून ओळ सरळ करायला जाऊ नका. तिने पाहिलं तर दोन महिन्यांत ती येणं बंद करेल, आणि तुम्ही म्हणाल, बघा, कुणी टिकतच नाही. कित्येकदा एकटेपण असंही तयार होतं, हे जरा कडू आहे पण सांगायला हवं. वास येणारे प्याले चालणार नाहीत, तेवढं तिला सांगा. वाकड्या ओळीने उपासना अडत नाही.

मोकळ्या रविवारी दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसू नका, तिथून पाय आपोआप कपाटाकडे वळतात. मधल्या ओळीत बसा. फोन बंद. रतामाच्या झाडाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला (१ राजे १९) देवाने आधी झोपू दिलं, खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. ‘मी एकटाच उरलो’ हे वाक्य एलीयाने त्यानंतर दोनदा ऐकवलं. मग देवाने त्याला पुढची कामं सांगितली, अलीशा त्याच्या जागी नेमून दिला आणि बाअल या दैवतापुढे गुडघे न टेकलेले ७,००० इस्राएलात राखल्याचं सांगितलं. क्रम लक्षात घ्या: आधी भाकर आणि झोप. तुमची झोप एक रात्र गेली म्हणता. ती दोन आठवड्यांहून जास्त जात असेल, विनाकारण रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर स्तोत्राबरोबर डॉक्टरही गाठा. तो अविश्वास नव्हे.

राहिला सेवा सोडण्याचा प्रश्न. या महिन्यात निर्णय घेऊ नका. आणि ‘एकदा न सांगता गेलेच नाही की कळेल’ हा विचार मनात आला असेल तर तो बाजूला ठेवा, तो कामाचा नाही. त्या दिवशी लोकांना ‘मांडणी झाली नाही’ हे दिसतं, ‘इतकी वर्षं ती करत होती’ हे दिसत नाही. जे दिसतं ते फक्त चुकलेलं काम, आणि ते तुमच्या नावावर पडतं. तापाच्या रविवारी हे अनुभवलंत ना?

कागद, भेट, दोन माणसं आणि मोकळा रविवार, एवढं होऊन तीन महिने गेल्यावर पुन्हा बसून विचार करा. तेव्हाही पाय ओढत जावं लागत असेल, तर सोडा. त्यात विश्वासघात नाही. फक्त तीन महिन्यांची तारीख आधी द्या, कागद हवाली करा आणि त्या दोघांच्या घरी नव्या माणसाला स्वतः घेऊन जाऊन ओळख करून द्या. खुर्च्यांना माणूस बदललेला कळत नाही, अंथरुणावरच्यांना कळतो. तुमची पावलं ते बहुधा जिन्यावरूनच ओळखत असतील. काम बदलून घेणं हाही एक मार्ग आहे: मांडणी सोडा, भेटी ठेवा. १ शमुवेल ३० मध्ये दावीदाच्या माणसांपैकी २०० जण दमून बसोर ओढ्यापाशी थांबले होते, ४०० पुढे गेले. परतल्यावर पुढे गेलेल्यांतले काही म्हणाले, यांना लुटीतला वाटा नको. दावीदाने सांगितलं, लढाईत उतरणाऱ्याचा जेवढा वाटा तेवढाच सामानाजवळ बसणाऱ्याचा. आणि तो त्याने इस्राएलात कायदाच करून टाकला.

हे सदर पाळक आणि वडीलजनही वाचतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. १ करिंथ १६:१८ मध्ये स्तेफन, फर्तूनात आणि अखायिक यांच्याबद्दल पौल लिहितो, अशांना मान द्या. १ थेस्सल ५:१२ मध्येही तुमच्यामध्ये श्रम करणाऱ्यांची कदर ठेवायला सांगितलं आहे. या आज्ञा आहेत, सेवकांनी मोठ्या मनाने सोडून द्यायच्या अपेक्षा नव्हेत. रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात पौल २४ जणांना नाव घेऊन सलाम सांगतो, आणि बऱ्याच ठिकाणी नावाला काम जोडतो: हिने तुमच्यासाठी पुष्कळ श्रम केले, यांनी माझ्या जिवासाठी आपली मान पुढे केली. पत्र उतरवून घेणारा तर्तियुसही मध्येच आपला सलाम सांगून जातो, आणि पौलाने तो खोडला नाही. पुढचा अहवाल समित्यांच्या याद्यांवरून लिहू नका. एका रविवारी उपासनेच्या दोन तास आधी या आणि सगळे गेल्यावर तासभर थांबा. जे जे हात दिसतील ते लिहा. यरुशलेमचा तट पुन्हा बांधताना नहेम्याने अशीच यादी केली होती. तिसऱ्या अध्यायात उकिरडा वेशीची डागडुजी कुणी केली तेही नावानिशी आहे, आणि तकोवाच्या सरदारांनी कामाला मान लावली नाही हेही आहे. त्याच तकोवाच्या साध्या लोकांनी आपला भाग संपवून दुसराही बांधला, हे मात्र २७ व्या वचनापर्यंत गेल्यावरच कळतं.

भगिनी, तुम्हालाही याच आठवड्यात एक करता येईल. त्या ३१ जणांपैकी दोघांना गाठून त्यांचं नेमकं काम सांगून आभार माना. ‘छान करता’ नको. “लहानांच्या वर्गात तुम्ही त्या गप्प मुलाला वाचायला लावलंत, ते पाहिलं मी,” असं. तुमच्या कामाची आठवण करून देण्याची ही युक्ती नव्हे, तसा वास आला तर करूही नका. पण ज्या मंडळीत कामाचं नाव घेऊन बोलायची सवय नसते, तिथे कुणीतरी ती लावावी लागते, आणि न दिसणारं काम ओळखायची नजर तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला असणार?

आणि पाळकांच्या भेटीची वाट न पाहता दाराची दुसरी किल्ली करून घ्या, त्यांना कळवून. ज्या कुणाला ती द्याल, त्याला एकदा पहाटे बरोबर न्या आणि अंधारात कुलूप उघडायला लावा. ते कुठल्या बाजूला फिरवताना अडकतं, हे कागदावर लिहून कळत नाही.